अस्तरामागची होडी

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळून): वाचक मूळचे देवगडकडचे, वय सत्तेचाळीस, आता इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एसेक्समध्ये राहतात. गेल्या सप्टेंबरात त्यांनी १९७४ सालची, २६ फुटी, दोन कीलांची (तळाखाली उतरलेल्या दोन जड पात्यांची) फायबरची शिडाची होडी २,८०० पौंडांना घेतली. ती खाडीत उभी असते आणि ओहोटीला चिखलात बसते. होडी तपासणाऱ्या सर्व्हेअरने बाहेरचं कवच चांगलं असल्याचं लिहून दिलं, पण अहवालाखाली एक ओळ होती: ‘अस्तरामागचे, टाक्यांखालचे आणि बंदिस्त भाग पाहता आलेले नाहीत.’ नोव्हेंबरात छताचं लोंबणारं रेक्झिन त्यांनी ओढलं, तर मागून तपकिरी भुसा पडला आणि पाण्याचा ओघळ दिसला. आडव्या प्लायवूडच्या भिंतीत तळाशी स्क्रूड्रायव्हर सहज घुसला. क्लबातला एक मित्र म्हणतो, आतलं सगळं उखडून कवच तेवढं ठेव. दुसरे म्हातारे सभासद म्हणतात, पन्नास वर्षं तरली, पुढेही तरेल. पत्नी म्हणते, मुलांना त्यात पाऊल ठेवू देणार नाही. वाचक विचारतात: ‘सगळं उखडू, तशीच वापरू की विकून टाकू? जे दिसतच नाही त्यावर विश्वास कसा ठेवू?’

नमस्कार.

ग्राइंडर घेऊन झालाय आणि येत्या शनिवारी सुरुवात करणार, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो आधी पेटीत परत ठेवा. डिसेंबरच्या एसेक्समध्ये फायबरचं काम काढणं म्हणजे भर श्रावणात पापड वाळत घालणं. पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे फायबरमधले काचेचे धागे ज्यात भिजवतात तो द्रव, नीट धरायला साधारण पंधरा अंशांच्या वर ऊब लागते आणि ज्यावर ते बसवायचं तो पृष्ठभाग कोरडा लागतो. तुमच्याकडे आत्ता दोन्ही नाही. हिवाळा काम करायला निरुपयोगी आहे, पण शोधायला सोन्यासारखा आहे. रोज पाऊस पडतोय, म्हणजे गळती रोज स्वतःहून हजेरी लावतेय. उन्हाळ्यात तिला शोधत बसावं लागतं.

आजोबांच्या मचव्याचा उल्लेख पत्रात एका ओळीत येऊन जातो, पण मला वाटतं सगळी गोम तिथेच आहे. मी स्वतः रत्नागिरीत अशाच होड्यांच्या सावलीत वाढलो आणि नंतर सतरा वर्षं तुमच्याच बाजूच्या किनाऱ्यावर एका यार्डात फायबरची कामं केली, म्हणून हे अवघडलेपण मला कळतं. मचव्यात काही झाकलेलं नसायचं. प्रत्येक वाक, प्रत्येक फळी, फळीतला प्रत्येक खिळा डोळ्यांसमोर. पाणी उपसता उपसता माणूस रोज आपोआप तपासणी करायचा. त्या सवयीच्या माणसाला ही होडी म्हणजे फॉल्स सीलिंग ठोकलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यासारखी वाटते. वर काय चाललंय कळत नाही, फक्त कोपऱ्यात डाग उमटतो.

पण मचवा उघडा ठेवावा लागायचा, कारण त्यातलं सगळंच सडू शकत होतं. तुमच्या होडीचं तसं नाही. काच सडत नाही. रेझिन म्हातारं होतं, पाणी थोडंफार पितं, बाहेरून त्याला फोड येतात, पण १९७४ चं जाड, भरीव कवच हा या होडीचा सगळ्यात निर्धास्त भाग आहे आणि नेमका तोच तुमच्या सर्व्हेअरने ठोकून पाहिलाय. सडतं ते काचेच्या कुशीत दडवलेलं लाकूड. गंजतो तो काचेतून आरपार गेलेला धातू. आणि सुटतो तो काचेचा आणि लाकडाचा जोड. एवढे तीनच शत्रू आहेत, आणि तिन्ही कुठे बसलेत ते आधीपासून ठाऊक असतं. म्हणून ‘आत काय असेल कोण जाणे’ हे तुमचं वाक्य मला पुरतं मान्य नाही. काय असेल ते बरंचसं सांगता येतं. किती बिघडलंय, एवढंच बघायचं राहिलंय.

आणखी एक. ‘आधीच्या मालकाने लपवलं’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. ते अस्तर मालकाने नव्हे, कारखान्याने लावलेलं आहे. त्या काळच्या अनेक ब्रिटिश होड्यांना आतून पाठीला फोम असलेलं रेक्झिन चिकटवायची पद्धत होती. पंचवीस-तीस वर्षांत त्या फोमचा भुगा होतो आणि रेक्झिन लोंबतं. तुमच्यावर पडला तो हा भुगा. लाकूड नव्हे, होडीही नव्हे! ते बघून बऱ्याच जणांची छाती दडपते. आधीच्या मालकाने कदाचित ते अस्तर कधी उचललंच नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यालाही लागू होतं.

सर्व्हेअरवरही रागावू नका. ज्या दिवशी त्याने तपासली त्या दिवशी होडी तुमची नव्हती आणि दुसऱ्याच्या होडीचं अस्तर फाडायचा त्याला हक्क नव्हता. आता ती तुमची आहे. चार ठिकाणं तुम्ही उघडा आणि त्यालाच अर्ध्या दिवसासाठी पुन्हा बोलवा. नव्या अख्ख्या सर्व्हेपेक्षा हे स्वस्त पडतं. शिवाय जुन्या होडीचा विमा उतरवताना कंपन्या बहुधा सर्व्हे मागतातच, तेव्हा तो कागद कामाला येईल.

आता ती चार ठिकाणं. सगळं उखडायचं की नाही, हा प्रश्न मी असा फिरवून विचारेन: कुठली गोष्ट मोडली तर माणूस बुडेल आणि कुठली मोडली तर फक्त गादी भिजेल? पहिल्या प्रकारच्या जागा हाताने आणि डोळ्यांनी पोचता येतील अशा केल्याच पाहिजेत, मग त्यासाठी फर्निचर कापावं लागलं तरी चालेल. दुसऱ्या प्रकारच्या जागा राहू द्या झाकलेल्या.

सर्वात आधी कील. आमच्याकडे जिला पठाण म्हणतात ती लाकडाची आणि होडीचा कणाच असते. तुमच्या होडीला कणा नाही, खाली दोन बिडाच्या कीलांचे पाय आहेत, बोल्टांनी कवचाला आवळलेले. दिवसातून दोनदा ओहोटी येते, दोनदा सगळा भार त्या पायांवर येतो आणि पाय किंचित फाकू बघतात. पन्नास वर्षं हे चाललंय. दोन कीलांच्या जुन्या होड्यांची खरी दुखरी जागा हीच. फळ्या उचला, बोल्टांभोवतीचा रंग खरवडा आणि बारीक तडे आहेत का पाहा. नटांखालच्या पट्ट्या गंजून फुगल्यात का, तेही पाहा. मग यार्डात होडी पट्ट्यांवर उचलून धरलेली असताना दोन्ही कीलांच्या खालच्या टोकांमधलं अंतर टेपने मोजा आणि जमिनीवर टेकवल्यावर पुन्हा मोजा. फरक ठळक असेल, तर आतून आडवे आधार घालून तळ ताठ करून घ्यावा लागेल. हे काम नवं नाही, अशा होड्यांवर पुष्कळांनी ते करून घेतलंय, पण पहिल्या खेपेला जाणकाराच्या हाताखाली करा. आणि एक तरी बोल्ट पूर्ण बाहेर काढून पाहा. नट चकचकीत आणि टोकही चकचकीत, पण मधे, जिथे कील आणि कवच मिळतं तिथे, पेन्सिलीएवढा बारीक झालेला बोल्ट मी स्वतःच्या हातात धरलाय.

याच ठिकाणी तुमच्या मित्राच्या ‘उखडून टाक’ या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, हे कबूल करतो. २०१४ च्या मे महिन्यात ‘चीकी राफिकी’ नावाची ४० फुटी शिडाची नौका अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परत येताना अटलांटिकमध्ये कील सुटून उलटली आणि चारही जण गेले. ब्रिटिश सागरी अपघात चौकशीच्या अहवालात एक मुद्दा असा होता की आतली मजबुतीची चौकट कवचाला चिकटवलेली असली, तर तो जोड कुठेतरी सुटला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पण ती बांधणी तुमच्यापेक्षा तीस वर्षांनी नवी आणि वेगळी. तुमच्या होडीत अशी अख्खी आतली चौकट नाही, सुट्या प्लायवूडच्या भिंती आणि कप्पे आहेत. तुमचं दडलेलं कमी आहे, आणि जे आहे ते गाठता येण्यासारखं आहे.

दुसरी जागा म्हणजे स्क्रूड्रायव्हर घुसला ती भिंत, तुमच्या क्लबात बल्कहेड म्हणतात ती. ही खोल्या पाडायला घातलेली फळी नव्हे. ती कवचाला फाकू देत नाही आणि बऱ्याच होड्यांत डोलकाठीचा भारही तीच खाली पोचवते. ती कवचाला काचेच्या पट्टीने शिवलेली असते. ती पट्टी नखाने उचलते का पाहा. लाकडाच्या बाजूने उचलली तर आश्चर्य मानू नका. जुनं पॉलिएस्टर प्लायवूडला बेताचंच धरतं आणि खाली पाणी साचलं की आधी तिथेच सुटतं.

तळाशी मऊ आहे म्हणजे अख्खी भिंत गेली असं धरू नका. पाणी उभ्या प्लायवूडमध्ये वातीसारखं वर चढतं, पण फार वर नाही. दर दोन इंचांवर टोच्या मारत वर जा आणि जिथे लाकूड कडक लागेल तिथे पेन्सिलीची रेघ ओढा. माझा अंदाज, रेघ गुडघ्याच्या खालीच राहील. मग खालचा तेवढा भाग कापून नवीन मरीन प्लायचा तुकडा उतरत्या जोडाने बसवायचा. पण कापण्याआधी दोन गोष्टी. डोलकाठी उतरवा, निदान तारा पूर्ण सैल करा. आणि होडीची आतली रुंदी तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. ताणलेल्या तारांखाली भिंत कापली की कवच हळूच आकार बदलतं, मग नवीन भिंत त्या चुकीच्या आकारात तुम्ही कायमची शिवता. पुढे दारं लागत नाहीत तेव्हा कळतं.

नवीन तुकड्याच्या कडा आधी इपॉक्सीने (पॉलिएस्टरहून वेगळ्या, जास्त पकडीच्या रेझिनने) पाजून घ्या, अगदी पिऊन तृप्त होईपर्यंत. फळीची धार कवचाला थेट भिडवू नका, मधे पातळ फोमची पट्टी ठेवा, नाहीतर बाहेरून कवचावर त्या धारेची रेघ उमटते. कोपरा इपॉक्सीच्या लगद्याने बोटभर गोलाईचा करा, कारण काच काटकोनात वळत नाही, तिथे हवा धरते. जुन्या फायबरवर नवीन बसवताना आधी ॲसिटोनने पुसायचं, मग घासायचं. उलट केलंत तर वरचं मेण घासून आत भराल. घासायचं तेही ४० ते ६० नंबरच्या कागदाने, चमक पूर्ण मरेपर्यंत. जुन्या रेझिनशी नव्याचं रासायनिक नातं आता जुळत नाही, ते नुसतं खरखरीतपणाला धरून राहतं. म्हणूनच इथे पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी बरं, पकड चांगली. फक्त इपॉक्सीबरोबर साध्या चिरलेल्या काचेची मॅट वापरू नका. तिच्यातला चिकटवा पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. शिवलेलं तिरप्या विणीचं कापड घ्या. थर चढवताना प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद ठेवा, म्हणजे कड एकाच रेघेवर संपत नाही.

तिसरी जागा चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीच्या तारा जिथे होडीला बांधल्यात त्या पोलादी पट्ट्या. स्टेनलेस गंजत नाही हा समज घरातल्या ताट-वाट्यांनी करून दिलेला आहे. त्याला चकचकीत राहायला हवा लागते. डेकच्या पोटात, ओल्या सीलंटच्या मिठीत हवा नसते, तिथे ते आतून चिरत जातं. दिसणारा भाग आरशासारखा आणि झाकलेले दोन सेंटिमीटर कुजलेले, असं असू शकतं. पट्टी बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. एकावेळी एकच काढा.

चौथी, कवचातून आरपार गेलेल्या तोट्या. तपासणी सोपी आहे: होडी बाहेर असताना धातू थोडा खरवडा. पिवळा असला तर बरं, तांब्यासारखा गुलाबी निघाला तर त्यातलं जस्त धुऊन गेलंय, ती तोटी बदला. पुढे विचार करायची गरज नाही.

एवढं झालं की बुडण्याच्या भीतीचा मोठा भाग संपतो. उरतं ते पाणी.

पाण्याबद्दल मात्र जरा ऐसपैस बोलतो, कारण आतल्या दुरुस्तीत लोक नेमकी हीच पायरी गाळतात. अस्तर काढलं, सडकं लाकूड कापलं, नवं बसवलं, रंग दिला, आणि वरून पाणी येतच राहिलं! दोन वर्षांनी तीच जागा तशीच मऊ. तेव्हा क्रम असा: आधी गळती थांबवा, मग वाळवा, मग दुरुस्त करा. मधली पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात लांब असते. झाकून, हवा खेळती ठेवून, आत डीह्युमिडिफायर लावून आठवड्यांच्या हिशेबात वाट बघावी लागते.

पाणी गोडं की खारं, हे आधी ठरवा. तळातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावा. खारं असेल तर ते खालून येतंय: तोट्या, इंजिनाच्या दांड्याची जागा, कीलाचे बोल्ट. ताबडतोब लक्ष द्या, पण लाकडाची फार चिंता नको, मिठाच्या पाण्यात लाकूड तग धरून राहतं. गोडं असेल तर ते पावसाचं, वरून आलेलं, आणि लाकडाचं मरण त्यातच असतं. भिंतीच्या तळाशी तुम्हाला जे मऊ लागलं ते, मला वाटतं, पावसाच्या पाण्याचंच काम आहे.

वरून नेमकं कुठून? ओघळ दिसतो तिथून जवळजवळ कधीच नाही. पाणी डेकमध्ये एका भोकातून शिरतं, आतल्या उतारावरून हातभर चालत जातं आणि सोयीच्या जागी टपकतं. आमच्या यार्डात एक युक्ती चालायची. खिडक्या-दारं बंद करून, एका झरोक्यात पानं उडवायचा ब्लोअर बसवून आत हलका दाब द्यायचा आणि बाहेरून सगळ्या फिटिंगांवर साबणाचं पाणी मारायचं. जिथे बुडबुडे, तिथे भोक. कठड्याच्या खांबांच्या बुडाशी, खिडक्यांच्या चौकटीत आणि चेनप्लेटपाशी बुडबुडे आले नाहीत अशी जुनी होडी मी पाहिलेली नाही.

डेक चालताना कुठे दबतो का, हेही पाहा. पुष्कळ होड्यांत डेक म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड. दबत असेल तिथे बाहेरून नाही, आतून, अस्तर काढलंय त्या बाजूने, पाच मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलला खोलीचा अडसर लावा, म्हणजे वरच्या थरातून आरपार जाणार नाही. भुसा फिकट आणि कोरडा निघाला तर भोक बुजवून टाका आणि विसरा. तपकिरी चिखल निघाला तर तेवढ्या भागाचं काम काढावं लागेल, तेही उन्हाळ्यात. ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर सगळा भार टाकू नका. मीठ, दव, मागची धातूची पट्टी, कशानेही ते बोंब मारतं. ते कुठे शोधायचं सांगतं, काय आहे ते नाही. प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी आणि आपला कान, ही जोडी मला जास्त भरवशाची वाटते. टणक आवाज आणि मेलेला आवाज, फरक दहा मिनिटांत कळायला लागतो.

बंद कप्प्यांसाठी फोनला जोडायचा वायरवाला कॅमेरा मिळतो, तो घ्या. ज्या कप्प्याला दारच नाही तिथे पाच-सहा इंची गोल भोक पाडून फिरकीचं झाकण बसवा. पहिलं भोक पाडताना जीव वर-खाली होतो. माझाही झाला होता. पण अशी सात-आठ झाकणं बसली की मचव्यासारखी थोडीफार नजर तुम्हाला परत मिळेल. आणि कप्प्यांच्या तळाशी पाणी वाहून जायला ठेवलेली छोटी भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. पन्नास वर्षांचा कचरा त्यात बसलेला असतो, आणि निम्मी सड त्या चार भोकांच्या तुंबण्याने झालेली असते.

जाता जाता: जुन्या इंजिनाच्या धुराच्या नळीला पांढरट पट्टी गुंडाळलेली असेल तर हात लावू नका, ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. तपासून घेऊन मगच काढा. आणि घासताना साधा कापडी मास्क नको. धुळीसाठी योग्य दर्जाचा, रेझिनच्या वासासाठी वेगळ्या गाळणीचा. अंगाला फायबरची खाज सुटली की आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने आणखी आत जातं, असं आमच्या यार्डातले सगळे म्हणायचे, आणि एका रात्रीच्या अनुभवानंतर मीही म्हणतो.

अस्तराचं काय? भुगा झालेला फोम पूर्ण खरवडा, त्यावर नवं काही चिकटवू नका, आठवड्यात सुटेल. उघडं फायबर रंगवून ठेवलंत तर सगळं दिसेल, पण इंग्लंडच्या थंडीत त्याला घाम फुटतो आणि रात्री तोंडावर थेंब पडतात. मी पातळ प्लायचे तुकडे पट्ट्यांवर स्क्रूने बसवीन, मागे थोडी रोधक भर घालून. स्क्रू लपवू नका, दिसू द्या. तुमच्या आजोबांना ते आवडलं असतं. बंद करण्याआधी मागच्या प्रत्येक वायरचे आणि नटाचे फोटो काढा, आणि वायरच्या नळीत एक मोकळी दोरी ओढून ठेवा. पुढच्या वेळी नवी वायर त्या दोरीला बांधून खेचता येते.

आता मित्राचा सल्ला. सगळं उखडण्याबद्दल माझी खरी हरकत तांत्रिक नाही. यार्डांच्या मागच्या कुंपणाला अशा होड्या लागलेल्या असतात, ताडपत्रीखाली, आतून पूर्ण मोकळ्या, मालक दोन हिवाळे येऊन थांबलेले. उखडायला तीन शनिवार लागतात, परत बांधायला तीन वर्षं. वर तुमचं ऑफिस, घर, मुलं. आणि अर्धी उखडलेली होडी कुणी विकत घेत नाही. फुकट द्यावी म्हटलं तरी नाही. म्हणून एकावेळी एकच जागा उघडायची आणि ती बंद झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, असं बंधन घाला स्वतःवर.

आणि ‘पन्नास वर्षं तरली’ म्हणणारे आजोबा? त्यांचं ऐकून घ्या, त्यांच्याकडून हातोडी ठोकायला शिका, पण तर्क घेऊ नका. बोल्टाला वयाचा मान कळत नाही.

विकण्याबद्दल: कीलांच्या मोजमापात मोठा फरक निघाला, कवच तिथे चिरलेलं दिसलं आणि यार्डाचा अंदाज खरेदीच्या दुप्पट-तिप्पट आला, तर विका, लपवून न ठेवता. तोवर हा पर्याय बाजूला ठेवा. आत्ता विकलीत तर भीतीची किंमत घ्याल, होडीची नाही.

राहिल्या वहिनी. त्यांचं वाक्य तुम्ही विरोध म्हणून लिहिलंय, मला ते या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य वाटतं. मुलं आत असताना काय मोडू शकतं, हे त्या विचारताहेत, आणि मी वर फिरवून विचारलेला प्रश्न तोच. ‘काही होत नाही गं’ हे उत्तर देऊ नका. कील, भिंत, चेनप्लेट, तोट्या, ही चार नावं कागदावर लिहा, प्रत्येकासमोर काय सापडलं आणि काय केलं ते भरत जा आणि तो कागद फ्रिजवर लावा. चारही रकाने भरेपर्यंत मुलांना घेऊन जायचं नाही, हे तुम्हीच आधी म्हणा. माझ्या हिशेबाने येता उन्हाळा बराचसा दुरुस्तीत जाईल. ऑगस्टअखेर शांत दिवस बघून खाडीच्या आत, भरतीच्या वेळी फेरी मारता येईल. उघड्या समुद्राचं पुढच्या वर्षी बघू.

हे सदर कोकणात वाचणाऱ्यांसाठीही दोन ओळी, कारण फायबरच्या मासेमारी होड्यांचे मालक मला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. तुमच्या होडीत कीलाची भानगड नाही, पण मागे इंजिन टांगता ती आडवी फळी बहुतेकदा फायबरने मढवलेलं प्लायवूडच असतं. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरतं आणि बाहेरून चकाचक फळी आतून लगदा होते. इंजिन वर-खाली हलवून फळी त्याच्याबरोबर लवते का पाहा. एक बोल्ट काढून भोकात तार घाला, तपकिरी पाणी आलं तर समजा. मासेमारीबंदीचे जून-जुलै मोकळे असतात म्हणून लोक तेव्हा हे काम काढतात आणि ओल आतच कोंडून वरून नवं फायबर मारतात. उघडून वाळवायचं काम एप्रिल-मेच्या उन्हातच उरका.

आणि देवगडकर, तुम्ही शनिवारी जाणारच आहात, तर ग्राइंडर घरी ठेवून हातोडी, टॉर्च, टोच्या, पेन्सिल आणि मोबाइल घेऊन जा. काढलेल्या प्रत्येक स्क्रूचा डबा वेगळा आणि त्यावर नाव. तळातलं पाणी चाखून काय लागलं ते मला कळवा. फक्त बोट बुडवण्याआधी वास घ्या. डिझेलचा आला तर चाखू नका.